कार्टूनच्या शेवटच्या गाण्यातली रिकामी जागा

आज सकाळी टीव्हीवरच्या एका कार्टूनचा शेवटचा भाग झाला आणि मी तो गप्प बसून बघितला… मला ओळखणाऱ्यांसाठी हीच बातमी आहे.

कार्टून जपानचं, बोलतं हिंदीत. नाव लिहीत नाय, नायतर नेटवरचे ग्रुपवाले परत भांडायला येतील. खेड्यातलं घर, आई, आजोबा, एक छोटी पोरगी आणि शहरात कामाला गेलेला तिचा मोठा भाऊ. ती पोरगी सगळे भाग त्याची वाट बघत असते.

दर रविवारी माझी पुतणी मनी हे कार्टून बघायला लागली की तिला हाक मारून उपयोग नसतो. तिचा बाप, म्हणजे माझा दादा, वापीला कंपनीत आहे. सुट्टी मिळाली तर येतो… बऱ्याचदा मिळत नाय.

आता आमचा मंग्या. मुरबाडचा दोस्त, कल्याणला कॉलेजला जातो, त्यामुळे त्याला प्रत्येक गोष्टीत अर्थ दिसतो. शेतातल्या आवणीच्या आधी आमच्याकडे डोळखांबला जेवायला आलेला, तेव्हा त्याने ताटावर बसून थिअरी काढली.

कार्टून संपल्यावर गाणं लागतं, नावं वर सरकतात, त्याच्या मागच्या चित्राची थिअरी. चित्रात नुसत्या काळ्या सावल्या. सगळं घर पाण्यात उभं, माना खाली, आणि सगळे हळूहळू उलटे चालतायत. मधे एका माणसाची जागा रिकामी.

"पाणी म्हणजे मरण," मंग्या म्हणाला. "उलटे चालतात म्हणजे जुन्या दिवसांत चाललेत. आणि ती रिकामी जागा भावाची. तो कधीच गेलाय रे… पोरीला कोणी सांगितलेलं नाय, एवढंच."

"भाजी वाढू का?" वहिनीने विचारलं.

मी पोट धरून हसलो. मंग्याने ही थिअरी ग्रुपवर पण टाकलेली, तिथे मात्र तिला लोकांनी डोक्यावर घेतलं होतं. काहींना म्हणे रडू आलं.

जेवताना मनी बाजूलाच बसून सगळं ऐकत होती. पुढच्या रविवारी तिने टीव्ही लावला नाय, त्याच्या पुढच्या रविवारी पण नाय. दादाचा फोन आला की तिचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "पप्पा, कधी येणार?" ते पण बंद झालं. "मी बरी आहे" म्हणायची आणि फोन वहिनीकडे द्यायची.

मी माझे उद्योग करून बघितले. "मनी, मी जपानला फोन लावला होता," म्हटलं. "तो भाऊ जिवंत आहे, फक्त पोट बिघडलंय, संडासातून बाहेर येत नाय."

"काका, गप ना," ती म्हणाली. हसली पण नाय… तेव्हा मला जरा टेन्शन आलं.

मग आवणी लागली. भात लावताना वाकून मागे मागे सरकायचं असतं, पुढे गेलात तर स्वतःच लावलेलं रोप तुडवाल. प्रत्येकाला आपापली पट्टी, तिला आमच्यात पात म्हणतात. दादाची सुट्टी अजून पास व्हायची होती. त्याची पात मोकळी दिसली म्हणून मी तिकडे सरकायला लागलो.

"ती राहू द्या भावजी," वहिनी म्हणाली. "ह्यांची आहे."

"दादाचं अजून नक्की कुठे आहे?"

"येतील. आणि यायचेच नसते तर आपण सरकून भरून नसती का टाकली?"

मी माझी नेहमीची कमरेची तक्रार सांगून बांधावर जाऊन उभा राहिलो. पाऊस बारीक, उजेड कमी. तिथून बघतो तर आमचं सगळं घर काळं काळं दिसतंय, पाण्यात उभं, माना खाली, उलटं सरकतंय… आणि मधे एक जागा रिकामी.

मी दोन मिनिटं तसाच उभा. कमर खरंच दुखतेय की काय असं आईला वाटलं. शेतात आपण लांबून कसे दिसतो, ते वाकलेल्या माणसाला कुठनं कळणार.

मनीला हात धरून बांधावर आणलं आणि म्हटलं, बघ. ती बघतच राहिली.

"म्हणजे ते भात लावतात?"

"मग काय. आणि गेलेल्या माणसाची पात कोण ठेवतं गं?"

मोबाईलवर फोटो काढला, शहापूरला सायबर कॅफेत जाऊन मंग्याच्या थिअरीखाली टाकला. फोटोत तोंड कोणाचंच नाय, सगळ्यांच्या मागच्या बाजू, आमच्या आत्याची पण. ग्रुपवर दोन पार्ट्या पडल्या. घरी आत्याला कळलं, ती अजून माझ्याशी बोलत नाय.

दादा आला. उशिरा आला, एसटीतून उतरला तो सरळ शेतावर, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पातीत. चहा पण नंतर घेतला. आता परत वापीला गेलाय.

आणि आज तो शेवटचा भाग. मनीने स्वतः टीव्ही लावला. मी मनात म्हणत होतो, बाबा रे, आता तरी ये… पण तो भाऊ आलाच नाय. पोरगी दारात उभी, आणि कार्टून संपलं. माझी तिच्याकडे बघायची हिंमत होईना.

गाणं लागलं. मनी पुढे सरकून टीव्हीला नाक लावून बसली, शेवटचं नाव वर जाईपर्यंत.

"पात तशीच ठेवलीय काका," ती म्हणाली. "येईल तो." आणि उठून पप्पांना मिस कॉल द्यायला गेली.

चित्र काढणाऱ्याच्या मनात काय होतं, मला माहीत नाय. मंग्याचं खरं असेल, माझं असेल… पण जपानच्या त्या माणसाला इथनं थँक्यू. त्याने ती जागा भरून टाकली नाय.