गफूरभाईंचा समोरचा दात

नागपूरहून परतताना गाडी बदलायला नागभीडला उतरलो, तर फलाटावर सीतारामजी तबलजी भेटले. नेहमीसारखे हसले नाहीत, म्हणून मीच विचारपूस केली. म्हणाले, "तुमाले नाई समजलं का मास्तर? गफूरभाई गेले नं. कावीळ झाली होती. शुक्रवारी माती बी झाली." मी तिथल्या बाकावर बसलो. आता पुढचं लिहायला हात धजत नाही, पण ते गाळलं तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. ती बातमी ऐकून माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते दुःख नव्हतं. सुटलो, असं वाटलं. आता ती गोष्ट माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही, असं वाटलं... दुःख मागाहून आलं, ब्रह्मपुरीच्या स्टेशनात गाडी शिरली तेव्हा.

गफूरभाई आमच्या ब्रह्मपुरीत शिंपीकाम करत. बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं लहानसं दुकान, एक मशीन आणि गिऱ्हाइकांसाठी एक बाक. पण धान कापून झालं, दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू झाल्या, मंडईच्या जोडीला नाटकं लागली, की मशीनवर कापड झाकून ते क्लॅरिनेट घेऊन निघत. आमच्या झाडीपट्टीत नाटक म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. लोक सात-आठ कोसांवरून बैलगाड्या जुंपून येतात. पायपेटीवाला एखाद वेळी चुकला तर खपवून घेत, पण गाण्याच्या मागे गफूरभाईंचं क्लॅरिनेट नसलं तर कंपनीच्या मालकाला उभं करून जाब विचारत. मी त्या वेळी शाळेत नवा मास्तर होतो. संध्याकाळी त्यांच्या बाकावर जाऊन बसायचो. ते काजं करत ऐकायचे आणि मी बोलायचो. मला सगळ्यातलं सगळं कळतं असा माझा समज होता, आणि वाईट म्हणजे त्यांचाही तसाच समज होता.

आमचा जिल्हा तेव्हा अजून मध्य प्रदेशात होता. त्या वर्षी उन्हाळ्यात त्यांचा वरचा समोरचा दात ठणकायला लागला. गावात सल्ल्यांना काय तोटा? कुणी म्हणालं दातात कीड आहे, रिंगणीच्या बियांची धुरी घ्या. कुणी म्हणालं वरच्या दाताची नस डोळ्यात जाते, हात लावलात तर आंधळे व्हाल. कंपनीचे मालक मात्र व्यवहारी. वाजवणाऱ्याचं तोंड म्हणजे त्यांचं पोट. त्यांनी गफूरभाईंना नागपूरला एका दातांच्या डॉक्टरकडे धाडलं. तीन-चार खेपा झाल्या. डॉक्टरांनी दात न उपटता वरून बारीक भोक पाडून मुळातली सडलेली नस काढली, मूळ आतून धुऊन साफ केलं, औषध घालून बंद केलं. गफूरभाई परतले ते हसतच. "लोक म्हणत जीव जाते, जीव जाते. काई नाई मास्तर. दुखणं होतं ते आधीच होतं, तिथं तं ते थांबलं." मी कोटी केली, "म्हणजे आता तोंडात मढं घेऊन हिंडता." तेही हसले. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, दुसरं काय!

श्रावण सरता सरता त्यांना ताप भरू लागला. एक दिवसाआड दुपारी हुडहुडी भरायची, दोन घोंगड्या पुरायच्या नाहीत, मग घाम फुटून मोकळे व्हायचे. सांधे दुखायचे. आमच्या भागातलं शेंबडं पोरसुद्धा याला हिवताप म्हणालं असतं. पण मी शेंबडं पोर नव्हतो ना, मी मास्तर होतो. कुठल्याशा जुन्या मासिकात मी वाचलं होतं की नस काढलेल्या दाताच्या मुळाशी विष साठतं, ते रक्तात उतरतं आणि सांधे, काळीज धरतं. एका लेखाच्या जोरावर मी डॉक्टर झालो. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला माणूस पाहायचा असेल तर त्या दिवसांतला मी पाहायला हवा होता. रोज त्यांच्या खाटेशी बसून एकच धोशा लावला, तो दात काढा.

ते तयार नव्हते. "मास्तर, बाजा याच दातावर टेकते जी," ते म्हणाले. "डॉक्टरनं सांगतलं, नीट राखला तं हा दात लई वर्ष जाते." मी चिडलो. माझं कुणी ऐकलं नाही की मी चिडतो, आजही चिडतो. म्हणालो, "गफूरभाई, घरात माणूस मेला तर त्याला घरात ठेवता का तुम्ही? मग मेलेला दात तोंडात कशाला?" ते खाटेवर उठून बसले. मग म्हणाले, "तुमी शिकलेले. मले का समजते? तुमी म्हणता तं काढून टाकू."

आठवडी बाजारात दात उपटणारा बसायचा, सतरंजीवर उपटलेले दात मांडून. त्यालाच मी घरी घेऊन आलो. नागपूरला त्या डॉक्टरांकडे परत न्यावं, निदान त्यांना कार्ड टाकून विचारावं, हे मला सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं. ते नाही म्हणतील ही भीती होती. गफूरभाईंचं डोकं मी धरलं होतं. दात मुळाशी तुटला, मग चिमट्याने खोदून काढला, आणि त्या झटापटीत शेजारचा दातही खिळखिळा झाला. तो महिन्याभरात पडला. एवढं झालं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, नेहमीच्याच वेळेला, गफूरभाईंना हुडहुडी भरली. मी घोंगडी पांघरत होतो. त्यांचे उरलेले दात एकमेकांवर वाजत होते. आमची नजरानजर झाली.

पुढच्या आठवड्यात हिवतापवाले फवारणीला आले होते. त्यांनी बोटातून रक्त घेतलं, गोळ्या दिल्या, ताप गेला. आणि मी? मी शाळेत, बाजारात, भेटेल त्याला सांगत सुटलो की दात काढला म्हणून माणूस वाचला. तिघांनी माझं ऐकून आपले दात काढून घेतले. त्यांची नावं मला पाठ आहेत.

मंडया सुरू झाल्या तेव्हा गफूरभाईंनी दुकानाच्या मागच्या खोलीत क्लॅरिनेट काढलं. मी बाकावर होतो. वरचे दोन दात नाहीत म्हटल्यावर तोंडाची पकड बसेना, सुराच्या आधी हवाच निसटायची. पुन्हा लावायचे, पुन्हा तेच. तासाभराने ते बाहेर आले आणि कुणाची तरी बंडी शिवायला घेतली. मालकांनी भंडाऱ्याकडचा दुसरा वाजवणारा आणला. लोक विचारत, "काऊन जी गफूरभाई, दाताले का झालं?" ते म्हणत, "पडले बा, वय झालं." वय चाळीसही नव्हतं. मी शेजारीच बसलेला असायचो आणि मला ते उत्तर सोयीचं वाटायचं.

दोन वर्षांनी माझी दाढ दुखायला लागली. रात्र-रात्र गाल धरून बसल्यावर सगळी मासिकं विसरलो आणि घरी शाळेचं काम सांगून नागपूरला गेलो, त्याच डॉक्टरांकडे. त्यांनी तोच उपचार केला. दुखलं नाही म्हटलं तरी चालेल. भीत भीत विषाचं विचारलं. ते म्हणाले, "तो समज जुना झाला. घाण आत राहिली तर अपाय. साफ करून बंद केलेला दात कुणाला ताप आणत नाही. फक्त ठिसूळ होतो, त्यावर कडक काही फोडू नका." मग हात धुताना म्हणाले, "तुमच्या ब्रह्मपुरीचे एक क्लॅरिनेटवाले आले होते. त्यांचा दात कसा आहे?"

"उत्तम आहे," मी म्हणालो.

गावात परतलो आणि दाढेबद्दल कुणालाही काही बोललो नाही. संध्याकाळी पुन्हा त्याच बाकावर जाऊन बसू लागलो. ज्याचा दात मी उपटायला लावला त्याच्यासमोर माझी दाढ शाबूत ठेवून चार वर्षं गप्पा मारल्या. माफी मागावी असं रोज वाटे. रोज चहा येई, मग सुपारी येई आणि मी घरी जाई.

चाळिसाव्या दिवसाच्या विधीआधी भाभींना भेटायला गेलो. गफूरभाईंच्या पत्नीला मी भाभी म्हणतो. मशीनवर कापड झाकलेलं होतं. त्यांनी चहा दिला आणि माझ्यापुढे पितळेची छोटी डबी ठेवली. आत सुपारी होती, तांदळाच्या कणीएवढी बारीक कातरलेली. दुकानात मी तीच खायचो. गफूरभाईंना चावता येत नाही म्हणून ते ती बारीक कातरतात, असं मी धरून चाललो होतो.

"ते तं खातच नव्हते सुपारी," भाभी म्हणाल्या. "ही तुमची हाये. चार वर्षांमागं नकली दात बसवाले नागपूरले गेले होते नं, दात काई बसले नाई, पण तवा डॉक्टरनं सांगतलं, तुमचे मास्तर बी येऊन गेले, दाढ भरून गेले. तवापासून रोज अडकित्ता घेऊन बसत. म्हणत, मास्तरनं कडक सुपारी फोडली तं दाढ तुटन. पण त्याईले सांगू नको, वाईट वाटन."

डॉक्टरांनी आणखी काय सांगितलं असेल ते मला विचारण्याची गरज नव्हती. माझं 'उत्तम आहे'ही त्यांनी सांगितलंच असणार. चार वर्षं गफूरभाई सगळं जाणून माझ्यासमोर बसले होते, आणि बसल्या बसल्या माझ्यासाठी सुपारी कातरत होते. मी भाभींना सगळं सांगितलं. मासिक, मढ्याची कोटी, बाजारातला माणूस, मी धरलेलं डोकं, हिवताप, खोटं... काहीच राखलं नाही. त्यांनी पदर डोळ्यांना लावला नाही की मला गप्पही केलं नाही. मी थांबल्यावर म्हणाल्या, "मले मालूम होतं, मास्तर. तुमी कवा सांगता, याची वाट पाहून राह्यले होते ते."

मग त्यांनी डबी माझ्याकडे सरकवली. "न्या घरी. आजारात बी कातरून ठेवली हाये. आठ-पंधरा दिवस पुरन."