मुलाच्या समोरचं टेबल

“चूक,” प्रश्न विचारणारी मुलगी माइकमध्ये म्हणाली आणि आमचे दहा गुण समोरच्या टेबलाला गेले. समोरच्या टेबलावर माझा मुलगा होता. त्यानं दोन्ही हात वर करून आरोळी ठोकली. त्याच्या ऑफिसातल्या तिघांनी ग्लास आपटले. चुकीचं उत्तर मी दिलं होतं.

प्रश्न असा होता, की भुईमुगाची शेंग मुळापासून होते की फुलापासून. मी घंटी दाबली आणि मूळ म्हणाले. साताऱ्याकडे लग्नाआधी मी पोत्यानं शेंगा उपटल्यात. शेंग जमिनीत असते म्हणजे मुळालाच असणार, त्यात विचार कसला करायचा? तर म्हणे फुलातून एक दांडी निघते, ती मातीत शिरते आणि तिच्या टोकाला शेंग धरते. असेल. मी कधी वाकून फुलाकडे बघितलं नाही. कामं होती.

चुकले त्याचं मला काही वाटलं नाही. राग आला तो सुनेचा. ती माझ्या शेजारीच बसली होती आणि मी मूळ म्हणाले तेव्हा तिचा चेहरा पडलेला मी बघितला होता. त्या बारमध्ये नियम होता, की एकानं उत्तर दिलं की ती माइकवाली विचारणार, “फायनल?” टेबलावरच्या सगळ्यांनी फायनल म्हटलं तरच उत्तर पक्कं. तोवर कुणीही बदलू शकतं. तिनं विचारलं तेव्हा माझ्या सुनेनं खाली मान घालून फायनल म्हटलं.

हा बार नेरूळला आमच्या सोसायटीपासून चालत जाण्याइतका जवळ आहे. पुढे हॉटेल, मागे बार. दर बुधवारी संध्याकाळी तिथे प्रश्नोत्तरांची स्पर्धा असते. मुलगा महाप्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तो आणि त्याचे दोस्त एकसारखे टी-शर्ट घालून तिथे बसायचे आणि वर्षभर जिंकायचे. घरी आला की मिशीवर ताव द्यायचा तेवढा बाकी ठेवायचा, कारण मिशी नाही.

आम्ही शिरलो ते नंतर. आधी सून नुसती बघायला जायची. मग शेजारच्या चाचांना कळलं. चाचा उरणकडचे, कोकणी मुसलमान, न्हावा शेवाला जहाजाचा माल सोडवायच्या कामात जन्म गेला. निवृत्त झाल्यावर घरात बसून बायकोचं डोकं खात होते, म्हणून तिनंच त्यांना आमच्याबरोबर पिटाळलं. आमच्यातली चौथी म्हणजे मावशी. ती सारसोळ्याची, आमच्या इमारतीत मासे घेऊन येते. माझ्याहून लहान आहे, पण सगळे मावशी म्हणतात म्हणून मीही म्हणते. तिला सिनेमा आणि क्रिकेट तोंडपाठ. बारमध्ये बीअर पिणारी आमच्यातली ती एकटी. चाचा लिंबू सोडा घेतात. मी ताक मागितलं, तर वेटर हसला. तेव्हापासून मीही सोडाच घेते.

आमची वाटणी ठरलेली होती. जहाज, देश, समुद्र म्हणजे चाचा. सिनेमा, खेळ म्हणजे मावशी. शाळेतलं सगळं सुनेकडं, ती बी.एस्सी. आहे. गावाकडचं आणि स्वयंपाकाचं माझ्याकडं. माझी शाळा चौथीपर्यंत, पण शेत आणि चूल मी पुष्कळ बघितली आहे. वाटणी चांगली होती. तिच्यात खोट एकच. माझ्या वाट्याचा प्रश्न आला की सून तोंड उघडायची नाही, मग तिला ठाऊक असो नसो. सासू बोलली की संपलं. घरात हे ठीक असतं.

आता त्या बुधवारचं सांगते. सुनेला न्हावा शेवाला एका मालवाहतुकीच्या कंपनीत नोकरी मिळाली होती. जहाजाचे कागद तयार करायचं काम. चाचांनीच कुणाला तरी सांगून मुलाखत करवली होती, निवड तिची तिनं मिळवली. कंपनीला गुरुवारी हो की नाही ते कळवायचं होतं. मुलगा म्हणाला, नाही.

“छकुलीला कोण बघणार?” आदल्या दिवशी जेवताना तो म्हणाला. छकुली म्हणजे माझी नात.

“मी बघेन,” मी म्हणाले.

“आधी तुझे गुडघे बघ.”

“गुडघ्यांनी नाही बघायचं तिला.”

सून पोळ्या वाढत होती. तिनं एवढंच विचारलं, “निदान सहा महिने करून बघू का?” तर तो हसून म्हणाला, “एवढी हुशारी आहे ना? बुधवारी आम्हाला हरवून दाखवा. मग खुशाल जा.”

तो हसला. मी हसले नाही. “ठरलं,” मी म्हणाले. “आता शब्द फिरवू नकोस.”

नोकरीसाठी बाईला पैज जिंकावी लागते, हे मुळातच चूक आहे. हे मी मुलालाही सांगितलं. पण दार कुठूनही उघडलं तरी बाहेर पडता येतं. आणि सुनेनं बाहेर पडावं असं मला वाटत होतं. माया वगैरे सोडा. सहा वर्षांत ती माझ्याशी एकदाही भांडली नव्हती. ज्या घरात सून भांडत नाही तिथे सासूला करमत नाही, आणि सुनेचं काय होतं ते विचारूच नये.

शेवटच्या फेरीत दोनच टेबलं उरतात. ती उरली, आमचं आणि त्याचं. आम्ही पुढे होतो. मग ती शेंग आली.

मध्ये थोडी सुट्टी होती. मी सुनेला बेसिनपाशी घेऊन गेले.

“तुला ठाऊक होतं.”

“हो.”

“मग फायनल का म्हणालीस?”

“तुम्ही बोलला होतात ना, आई. एवढ्या लोकांत तुम्हाला खोटं कसं पाडू?”

“नोकरी पाहिजे का तुला?”

तिनं नळ बंद केला, परत सोडला. “पाहिजे.”

“मग ऐक. घरी माझ्या भाजीत मीठ जास्त झालं तर गप्प बस. इथे गप्प बसलीस तर जन्मभर तीच खारट भाजी खाशील. आणि समोर बसलाय तो तुझा नवरा असेल घरी. इथे त्याला हरवायचंय.”

“तुमचा मुलगा आहे तो.”

“म्हणूनच सांगते. लहानपणी पत्त्यांत हरला की पत्ते फेकायचा. त्याला सवय होऊ दे.”

ती हसली. रडेल की काय अशी मला भीती होती. रडणाऱ्या माणसाचं काय करायचं ते मला कळत नाही.

परत येऊन बसलो तर मावशी मुलाच्या टेबलाकडं बघून सुरू झाली होती.

“ओ टी-शर्टवाले! जास्त उडू नका. सुका बोंबील पन जिवंत असताना उडत होता!”

“मावशी, त्या सासूबाईंना शेंग उगवायला शिकवा आधी,” मुलाचा एक दोस्त ओरडला.

“माजी सासू नाय ती. माजी सासू असती ना, तर तुज्या डोक्यावर घंटी वाजवली असती.”

पुढचा प्रश्न, जहाजाच्या डाव्या बाजूला कोणत्या रंगाचा दिवा असतो. चाचांचा हात घंटीवर पडला तेव्हा प्रश्न पुरा झालासुद्धा नव्हता. “लाल,” ते म्हणाले आणि सोड्याचा घोट घेतला. बरोबर. मुलाच्या टेबलानं दोन प्रश्न मारले, दोन्ही कुठल्याशा ग्रहांचे. मावशीनं क्रिकेटचा मारला. मग प्रश्न आला, की मधमाश्यांत बाहेर जाऊन मध आणणाऱ्या माश्या नर असतात की मादी.

मी घंटी दाबली. “मादी.”

“नक्की ना?” माइकवालीनं विचारलं.

“राबतात ना? मग मादीच. ह्यात विचारायचं काय?”

अख्खा बार हसला. बरोबर होतं. वेटरनं ट्रे बगलेत धरून टाळ्या वाजवल्या. दोन्ही टेबलं बरोबरीत आली.

“आता एकच प्रश्न,” ती म्हणाली. “गाईच्या वरच्या जबड्यात पुढचे दात किती?”

गाय म्हणजे मी. माझा हात मुलाच्या आधी पडला. “आठ!”

मला शंकाच नव्हती. आमच्याकडे जनावर विकत घेताना दात मोजून वय ठरवतात. दोन दात, चार दात, सहा दात, आठ झाले की जनावर पुरं वयात आलं. मी बापाबरोबर बाजारात जायची, खालचा ओठ दाबून दात बघायची. वरचा ओठ कधी कुणी उचलला नाही. गरज काय?

“फायनल?”

“फायनल,” चाचा म्हणाले.

“फायनल,” मावशी म्हणाली.

सून बोलली नाही. माइकवालीनं तिच्यापुढे माइक धरून परत विचारलं. समोरून मुलगा पुढे वाकला आणि गोड आवाजात म्हणाला, “म्हण ना फायनल. आई कधी चुकते का?”

मी सुनेकडं बघितलं. तिचे कान लाल झाले होते. मला वाटलं, गेलं. आता म्हणेल आणि सगळं गेलं.

“नाही,” ती म्हणाली. खाकरून परत मोठ्यानं म्हणाली, “नाही. आई चुकल्या. एकही नसतो.”

“अगं, आठ असतात!” मी म्हणाले. मला खरंच राग आला.

“खाली आठ असतात, आई. वर नुसती कडक हिरडी असते. माहेरच्या गाईला औषध पाजताना मी तोंडात हात घालायची. वर दातच नाहीत.”

“मी तुझ्या दुप्पट गाई बघितल्यात.”

“बघितल्यात. हात घातलेला नाही.”

मावशी बीअरचा ग्लास तोंडाशी धरून तशीच थांबली. सहा वर्षांत पहिल्यांदा सून माझ्याशी भांडत होती, आणि तीही भरल्या बारमध्ये, स्पीकरवरून.

“टीमचं एकच उत्तर हवं,” माइकवाली म्हणाली. “घंटी आजींनी दाबली. आजी, काय घेऊ?”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझ्या मते आठच होते. पण हात कुणी घातला होता? तिनं.

“ती म्हणते ते घ्या,” मी म्हणाले. “फायनल.”

“भाभी, पक्का?” चाचांनी हळूच विचारलं.

“पक्का.”

माइकवालीनं सगळ्यांकडं एकवार बघितलं. तिला मजा येत होती, मला नाही.

“बरोबर! एकही नाही!”

मावशीनं खुर्चीवर उभं राहून अशी किंकाळी फोडली, की स्वयंपाकघरातून आचारी बाहेर आला. “आगो माजी सूनबाय! दात पाडलेस गो त्यांचं!” चाचा माझ्याशी हात मिळवायला लागले, मग सुनेशी, मग चुकून वेटरशी. सून घंटी धरून बसली होती आणि वाजवतच होती. कुणी थांबवलं नाही. मी तिच्या पाठीत एक धपका मारला. जरा जोरात बसला, पण त्या वेळी तोच बरोबर होता.

मुलगा उठून आला. दोस्त मागे हसत होते, तो हसत नव्हता.

“आई, तू माझ्या बाजूची की हिच्या?”

“मी ह्या टेबलाची.”

“मी गमतीत म्हणालो होतो ते.”

“मी नव्हते म्हणाले.”

तो बायकोकडं वळला. ती उभी राहिली. खाली बघितलं नाही तिनं. “मी उद्या हो कळवणार आहे,” ती म्हणाली. त्यानं तिच्या शेजारी खुर्ची ओढली, बसला आणि आमच्या ताटलीतला मसाला पापड खायला लागला. त्याच्याकडून तेवढं पुष्कळ होतं. पत्ते फेकले नाहीत.

गुरुवारी सकाळी तिनं स्वयंपाकघरातून फोन लावला आणि हो सांगितलं. आता ती कंपनीच्या बसनं जाते. नातीला सकाळी बाप आंघोळ घालतो, साबण डोळ्यांत जातो म्हणून ती ओरडते. दुपारी मी आणि चाचांची बायको बघतो. माझे गुडघे दुखतात, ते आधीही दुखायचे. सून आता भाजीतल्या मिठावरूनही बोलते. मी उलटून बोलते. घरात आवाज असतो.

त्या बुधवारी आमच्या टेबलावर मी होते, माझी सून होती, शेजारचे चाचा होते आणि सारसोळ्याची मावशी होती. समोरच्या टेबलावर माझा मुलगा होता.