शाळेपासून माझ्या घरापर्यंत

मी कर्जतच्या मुलींच्या शाळेत मुख्य बाई होते त्या काळात तालुक्यातल्या मास्तरांची महिन्यातून एकदा सभा भरत असे. मुलांना लिहितं-वाचतं करायचं तर त्यांना कोणता अभ्यास द्यावा, निबंध कोणते घालावेत, याचा विचार सगळ्यांनी एकत्र बसून करावा, असा सभेचा हेतू. प्रत्यक्षात विचार एकटे डेप्युटीसाहेब करत, आणि बाकीचे एकत्र बसत.

साहेब पुण्याकडचे. बंद गळ्याचा कोट, डोक्याला रुमाल आणि दर दोन वाक्यांमागे 'बालमन' हा शब्द. बालमनाशी त्यांचा संबंध एवढाच, की ते शाळा तपासायला आले की पुढच्या ओळीतलं एखादं मूल रडायला लागे. महिन्याचा निबंध ते सभेत जाहीर करत. कधी गाय, कधी वसंत ऋतू. एकदा त्यांनी 'समुद्रकाठची सहल' हा विषय दिला. खालापूरकडच्या एका तरुण मास्तरांनी उठून सांगितलं, की माझ्या वर्गातल्या एकाही मुलानं समुद्र पाहिलेला नाही. साहेब म्हणाले, कल्पनाशक्ती वाढवा. मग सगळ्यांनी ती नेहमीच्या पद्धतीनं वाढवली. मास्तरांनी निबंध फळ्यावर लिहिला, मुलांनी उतरून घेतला, साहेबांनी तपासला आणि ते खूष झाले.

पुढच्या सभेनंतर हे तरुण मास्तर आणि नेरळजवळच्या खेड्यातले एक म्हातारे मास्तर गाडीची वेळ होईपर्यंत माझ्या शाळेत येऊन बसले. तरुणानं आपल्या मुलांचे समुद्राचे कागद बरोबर आणले होते. आम्ही ते वाचले. पहिल्या मुलानं लिहिलं होतं, 'सागराच्या लाटा पाहुन मन उचंबळून येते.' दुसऱ्याचंही मन तसंच उचंबळलं होतं. शेवटच्या कागदापर्यंत सगळ्यांची मनं त्याच ओळीत, त्याच चुकीच्या उकारासह उचंबळली होती. म्हाताऱ्या मास्तरांनी तपकीर ओढली आणि म्हणाले, "हे वाचून कुणाचं काही अडतं का, बाई? कुणाचं तरी अडेल असं काहीतरी लिहायला द्या."

त्यावरून वाद सुरू झाला. तरुण मास्तर म्हणाले, पत्र लिहायला द्यावं. म्हातारे म्हणाले, पत्राचं उत्तर येणार नाही हे मुलाला ठाऊक असतं. मी म्हटलं, शाळेपासून आपल्या घरापर्यंतची वाट लिहायला देऊ. आपण तिघांनी एकमेकांच्या मुलांचे कागद घ्यायचे आणि त्या कागदावरून चालत घर गाठायचं. पोचलो तर लिहिणं बरोबर. दोघांना ते पटलं.

भाताची कापणी झाली होती, वाटा सुकल्या होत्या. एका रविवारी तरुण मास्तर माझ्या शाळेतल्या सगळ्यांत हुशार मुलीचा कागद घेऊन निघाले. तिचं अक्षर मोत्यासारखं. तिनं लिहिलं होतं, 'शाळेतून बाहेर पडताच निसर्गाची शोभा दृष्टीस पडते. पुढे भाताचे उडवे लागते. तेथून वळल्यावर आमचे टुमदार घर आहे.' मास्तरांना शोभा दृष्टीस पडली, पण कापलेल्या भाताच्या भाऱ्यांचं ते उडवं काही सापडेना. भात झोडायला घेतल्यामुळे ते आदल्या दिवशीच मोडलं होतं. शोधत शोधत ते भलत्याच खळ्यावर जाऊन उभे राहिले. हातात कागद, डोक्यावर टोपी, आणि पोरांबद्दल चौकशी. तिथल्या बायकांना वाटलं देवी टोचायला आले. त्यांनी पोरं पेंढ्यामागं लपवली.

माझ्या वाट्याला म्हाताऱ्या मास्तरांच्या शाळेतल्या एका मुलाचा कागद आला. तो डोंगराच्या पायथ्याच्या वाडीतून येणारा. एकटी बाई भटकते असं गावानं म्हणू नये म्हणून मी शाळेतल्या शिपाईणबाईला बरोबर घेतलं. कागदावर शुद्धलेखनाचा पत्ता नव्हता. तो मी पुढं कितीतरी वेळा वाचला, म्हणून मला पाठ आहे. 'शाळच्या मागनं जावा. पानी लागंल तितं चपला काडा. मंग दोन वाटा हायत, बैलांची न्हवं मानसांची धरा. कुत्रा भुकंल, तो चावत नाय. धूर दिसल त्ये घर आमचं नाय. त्याच्या मागलं.'

आम्ही न चुकता पोचलो. कुत्रा भुंकला आणि चावला नाही. पुढच्या घरातून धूर येत होता, त्याच्या मागं मुलाची आई अंगण सारवत होती. पोरानं काय केलं म्हणून ती आधी घाबरली. मी कागद दाखवून सांगितलं, की ह्यानं लिहिलं आणि आम्ही त्यावरून आलो. तिनं कागद हातात घेतला, उलटा धरून पाहिला आणि विचारलं, "ह्यात आमचं घर हाय?" मी हो म्हटलं. तिनं तो परत देण्याआधी हात पदराला पुसले. त्या क्षणी मला साहेबांच्या सगळ्या सभांची जितकी चीड आली तितकी आधी कधी आली नव्हती.

परत भेटल्यावर आम्ही तिघं खूप भांडलो. माझ्या शाळेतली हुशार मुलगी चुकली, कारण माझा प्रश्नच चुकला होता. मी फळ्यावर 'वर्णन करा' असं लिहिलं होतं, म्हणून तिनं वर्णन केलं. म्हाताऱ्या मास्तरांनी मुलांना एवढंच सांगितलं होतं, की एक परकी बाई येणार आहे, तिला चुकू देऊ नका. आम्ही माझा प्रश्न बदलला. शिवाय असं ठरलं, की जो चालून आला त्यानं कुठं अडलं ते लिहिणाऱ्याला तोंडी सांगायचं, मग मुलानं पुन्हा लिहायचं. मी त्या मुलीला खळ्यावरची हकिगत सांगितली. ती हसली नाही. विचार करून म्हणाली, "उडवं मोडतं, बाई. मी विहीर लिहिते." दुसऱ्या कागदात शोभा नव्हती. तरुण मास्तर त्या कागदावरून सरळ तिच्या दारात जाऊन उभे राहिले.

हे सगळं सभेत मांडलं पाहिजे असा तरुण मास्तरांचा आग्रह. त्यांचा अजून सभांवर विश्वास होता. त्यांनी वाडीतल्या मुलाचा कागद साहेबांच्या हातात दिला. साहेबांनी खिशातून तांबडी पेन्सिल काढली आणि 'हायत'पासून सुरुवात केली. कागद तांबडा होईपर्यंत पेन्सिल थांबली नाही. मग त्यांनी विचारलं, "ही भाषा तुम्ही शाळेत चालू देता?" म्हातारे मास्तर म्हणाले, शुद्ध करून घेऊच, पण बाई त्यावरून घरी पोचल्या. साहेब म्हणाले, बाईंनी घरी पोचणं हा अभ्यासक्रमाचा विषय नाही.

पण वरिष्ठांना दाखवायला साहेबांना काहीतरी नवीन हवंच होतं. महिन्याभरात सगळ्या शाळांना हुकूम गेला, की 'शाळेपासून माझ्या घरापर्यंत' हा निबंध अनिवार्य. सोबत साहेबांनी स्वतः लिहिलेला नमुना. मास्तरांना हायसं वाटलं. नमुना आला की विचार करायचा त्रास संपतो.

त्यानंतरची सभा लोधिवलीच्या शाळेत भरली, आदर्श पाठ बघायला. मुलं एकेक करून उभी राहिली आणि म्हणू लागली, 'रस्त्याच्या दुतर्फा वटवृक्षांची रांग आहे. डाव्या हातास देवालयाचा कळस शोभून दिसतो. समोर आमचे कौलारू घर आहे.' पहिला बसला, दुसऱ्यानं तेच घर सांगितलं, तिसऱ्यानं तेच. मी खिडकीतून बाहेर पाहिलं. वडाचं झाड एकही नव्हतं.

पाठ संपल्यावर म्हातारे मास्तर सावकाश उठले. "साहेब, ही सगळी मुलं एकाच घरात राहतात का?"

कुणीतरी खोकलं. साहेबांनी क्षणभर विचार केला आणि ती एकत्र कुटुंबाबद्दलची शंका समजून उत्तर दिलं, की तसं नसावं, पण निबंध उत्तम आहेत. मग त्यांनी वर्गाला शाबासकी दिली, चहा आला आणि पोहे आले. पोहे मात्र खरे होते.

परतताना तरुण मास्तर रडकुंडीला आले होते. वर तक्रार करू म्हणाले. तक्रार वाचणाराही असाच कुणी साहेब असेल, असं म्हाताऱ्या मास्तरांनी त्यांना समजावलं. मलाही तेच वाटलं. सभेला आम्ही जात राहिलो, मागं बसलो, विचारलं तेवढ्याला हो म्हणालो. पुढं साहेबांची बढतीवर बदली झाली. निरोपाच्या भाषणात त्यांनी घराच्या वाटेचा प्रयोग आपण कसा सुचवला ते सविस्तर सांगितलं, आणि टाळ्या पडल्या.

आमचं खरं काम रविवारी माझ्या ओसरीवर चाले. वाटेनंतर आम्ही मुलांना निरोप लिहायला दिला. आई बाजाराला गेली आहे, तुला शेळ्या घेऊन रानात जायचं आहे, घरी कुणी नाही, आईला वाचता येत नाही, तिला वाचून दाखवणाऱ्या शेजारणीला थोडंसं येतं. शेजारणीला कळेल असं लिही. पहिल्या खेपेला तो साफ फसला. मुलींनी शेजारणीची ख्यालीखुशाली विचारण्यातच पाटी भरून टाकली. म्हातारे मास्तर म्हणाले, प्रश्न लांबलाय. तरुण मास्तर म्हणाले, शेजारीणच काढून टाका. मी काही ऐकेना, आणि चहा पुन्हा ठेवावा लागला.