प्लास्टरवाल्याची नजर

चौदा मार्चला त्याने टीव्हीवर मिश्र मार्शल आर्ट्सची लढत बघण्यासाठी सातशे एकोणपन्नास रुपये भरले. सव्वीस वर्षं इस्पितळात मोडलेल्या हातापायांना प्लास्टर घालणारा हा माणूस एका लढवय्यावर जीव टाकायचा. मेहुणा त्याला चिडवायचा, "दाजी, सगळी नाटकं. कोण हरणार ते आधीच ठरलेलं असतं."

"लाव शंभरची पैज. माझा गडी खोटं लढायचा नाही."

संध्याकाळी दोघं टीव्हीपुढे बसले. दुसऱ्या फेरीत प्रतिस्पर्ध्याने प्लास्टरवाल्याच्या गड्याचा हात धरून मागे पिरगळला. गडी किंचाळला आणि मोकळ्या हाताने जमिनीवर थापा मारून त्याने हार मानली.

प्लास्टरवाला पुढे सरकून बघू लागला. कोपर धड ताणलंसुद्धा गेलं नव्हतं. दुखावलेला हात माणूस पोटाशी धरतो, कुणाला शिवू देत नाही. असे हजारो हात त्याने हाताळले होते. हा गडी तर त्याच हातावर भार देऊन उठला. तोच क्षण पडद्यावर पुन्हा दाखवला, तेव्हाही तेच दिसलं.

मेहुणा हळहळत होता. "हात गेला हो बिचाऱ्याचा. दाजी, पैज हरलो मी. हे खरंच असतं. उद्या शंभर देतो."

"राहू दे."

"राहू दे कसं? पैज म्हणजे पैज."

खरं सांगायला प्लास्टरवाल्याची जीभ रेटेना. त्याने टीव्ही बंद केला.

मेहुण्याकडून शंभर रुपये अजून येणे आहेत. प्लास्टरवाल्याने ते मागितलेले नाहीत.