वीस गॅलनचा टँक

नमिता काळबांडेच्या दुकानात मेडिकलची मुलं मासे विकत घ्यायला कमी आणि ठेवायला जास्त येतात. सावंगीच्या हॉस्टेलात कुणी ना कुणी बरणीत एखादा फायटर मासा पाळलेला असतो. सुट्ट्या लागल्या की गावी जाणारी ही मुलं बरण्या छातीशी धरून तिच्या पायरीवर उभी. ती बरणीला पट्टी चिकटवते, नाव लिहिते आणि मासा आजारी वाटला तर पाण्यात बोट घालून वास घेते. हे शेवटचं तिला कुणी शिकवलं नाही.

माशांपर्यंत ती पोचली तीही अशीच. लग्नानंतर घरामागच्या हौदात डास झाले म्हणून आरोग्य केंद्रातून मूठभर गप्पी मासे आणले होते. सहा महिन्यांत हौद भरला. एवढे मासे एवढ्या पाण्यात कसे जगतात, हे बघता बघता तिनं एक टँक घेतला, मग दुसरा, आणि बांधकाम खात्यात क्लार्क असलेल्या नवऱ्याला, कृष्णकांतला, एक दिवस कळलं की आपल्या पुढच्या खोलीचं दुकान झालेलं आहे. त्यानं शटर बसवून दिलं.

तिचं माहेर वडनेरचं. वडिलांचं किराणा दुकान, भिंतीला तेलाची मापं टांगलेली, कोपऱ्यात जुनी पायली. लहानपणी ती एका मापातलं पाणी दुसऱ्यात ओतत बसायची. पायलीत लिटर किती बसतात, हे विचारलं की गावातला प्रत्येक जण वेगळं सांगायचा, आणि तिला तेच फार आवडायचं. वडील रागावत नसत. माप पुसून ठेव, एवढंच म्हणत.

मागच्या हिवाळ्यात एका शनिवारी नाचणगावच्या मधुकररावांचा फोन आला. ते निवृत्त शिक्षक. पुलगावहून बदली होऊन गेलेल्या एका अधिकाऱ्यानं जाताना आपल्या वडिलांच्या वेळचा टँक त्यांना दिला होता. लोखंडी चौकटीचा, समोर पितळी पट्टी, पट्टीवर ‘२० गॅलन’. त्यातले एंजल मासे नमितानंच दिलेले. त्यांच्या अंगावर साखर पेरल्यासारखे पांढरे ठिपके आले होते. पुतण्यानं अमेरिकेतून आणलेलं औषध घरात होतं आणि बाटलीवर लिहिलं होतं, दहा गॅलनला एक चमचा.

“वीस गॅलनचा टँक हाय. म्हंजे दोन चमचे. टाकू ना?” मधुकररावांनी विचारलं.

नमिता हो म्हणणारच होती. पण तिला गॅलनची सवय नव्हती, म्हणून फोन कानाला तसाच धरून तिनं कृष्णकांतच्या मोबाईलवर वीस गॅलनचे लिटर काढले. पंचाहत्तर पूर्णांक सात. मग खाली दुसरं उत्तर दिसलं. नव्वद पूर्णांक नऊ.

“काकाजी, थोडं थांबजा,” ती म्हणाली. “हे गॅलन दोन हायेत.”

मधुकररावांना ते पटेना. चाळीस वर्षं शिकवलं, गॅलन म्हणजे गॅलन. पण तिनं वाचून दाखवलं: एक इंग्रजांचा, साडेचार लिटरच्या वरचा, दहा पौंड पाण्यावरून ठरवलेला. दुसरा अमेरिकेचा, पावणेचार लिटरचा. तो खरं तर इंग्रजांचाच जुना, दारू मोजायचा. इंग्रजांनी नवा धरला, अमेरिकेनं जुना ठेवला. औषध टाकायचं आहे हे विसरून मधुकरराव ऐकत राहिले. मग त्यांनीच मुद्द्याचं विचारलं, की आपला टँक कोणाच्या गॅलनचा?

नमितानं त्यांना टेप आणायला सांगितली. लांबी साठ सेंटिमीटर, रुंदी अडतीस, उंची चाळीस. गुणाकार तिनं दुकानाच्या पाटीवर केला. एक्याण्णव लिटर आणि वर थोडं. म्हणजे टँक इंग्रजांचा आणि औषध अमेरिकेचं. अमेरिकन गॅलननं मोजलं तर टँक चोवीस गॅलनचा होत होता. दोन नाही, जवळजवळ अडीच चमचे.

फोन ठेवायची वेळ आली आणि ती पुन्हा अडली. कमी औषधानं ठिपके जात नाहीत, जास्त झालं तर नाजूक मासा टिकत नाही. आणि टँक किती मोठा हे कळलं होतं, पाणी किती हे कळलं नव्हतं. आज पाण्यातला हीटर थोडा वाढवून ठेवा, औषध टाकू नका, मी सकाळी येते, असं तिनं सांगितलं.

रविवारी ती सकाळच्या बसनं पुलगावला उतरली आणि पिशवीत लिटरचं माप घेऊन नाचणगावला पोचली. मधुकररावांच्या पत्नी कौशल्याबाई दारातच म्हणाल्या, “रातभर हे गॅलन गॅलन करून राह्यले.” मासे एका टबात काढले. मग दोघं जमिनीवर बसून टँकमधलं पाणी मापानं बादल्यांत काढू लागली. ती माप भरायची, मधुकरराव मोठ्यानं आकडा म्हणायचे, वर्गात पाढे म्हणवून घेतल्यासारखे. तळाशी चांगला चार बोटं खडीचा थर होता, दोन मोठे दगड होते, आणि वर काठापर्यंत पाणी कुणीच भरत नाही.

माप खडीला लागलं, मग खडीत मुरलेलं पाणीही उपसून मोजलं. सगळे मिळून शहात्तर लिटर.

नमितानं मनातल्या मनात भागलं, आणि पुन्हा एकदा भागलं. अमेरिकेचे बरोबर वीस गॅलन.

“म्हंजे दोनच चमचे,” मधुकरराव म्हणाले.

“हाव काकाजी. दोनच.”

कौशल्याबाईंनी चहा आणला तेव्हा दोघंही हसत होती. मधुकररावांचं कालचं उत्तर बरोबर निघालं होतं, पण चुकीच्या वाटेनं, आणि हे तेच जास्त आनंदानं सांगत होते. पट्टीवरचा आकडा इंग्रजांचा, पण खडीनं जागा खाल्ल्यावर उरलेलं पाणी अमेरिकेच्या हिशोबात नेमकं बसलं. खडी थोडी कमी असती तर? नमितानं ते बोलून दाखवलं आणि मधुकररावांनी रिकाम्या टँकमध्ये हात घालून खडीचा थर पुन्हा बोटांनी मोजला.

पाणी परत भरून औषध टाकलं. एक एंजल दुसऱ्या दिवशी मेला, त्याच्या कल्ल्यांवर आधीच फार ठिपके होते. बाकीच्यांची अंगं आठवड्यात स्वच्छ झाली. मेलेल्या माशाचं नमिताला वाईट वाटलं. रात्रभर थांबवलं नसतं तर वाचला असता का, हे तिनं कृष्णकांतला विचारलं. तो म्हणाला, सांगता येणार नाही. तिलाही तेच वाटत होतं.

त्यानंतर औंस तिच्या मागे लागले. अमेरिकेचा गॅलन लहान, पण त्यांचा औंस मात्र इंग्रजांच्या औंसापेक्षा किंचित मोठा. हे कसं, म्हणून ती दोन दिवस हैराण. शेवटी सापडलं: इंग्रज आपल्या गॅलनचे एकशे साठ औंस करतात, अमेरिका एकशे अठ्ठावीसच. तिनं जेवताना कृष्णकांतला पोळीचे तुकडे करून दाखवलं. लहान पोळीचे कमी तुकडे, मोठीचे जास्त. त्यानं ऐकून घेतलं आणि दोन्ही पोळ्या खाल्ल्या.

मधुकररावांचा फोन अधूनमधून येतो. एकदा म्हणाले, “नमिता, मले एक सांग. टँकमंधी मासे किती जागा घेत असतीन?”

त्या दिवशी मासे टबात होते, पाणी आपण वेगळं मोजलं, तेव्हा हिशोबात फरक पडत नाही, असं तिनं सांगितलं. पण फोन ठेवल्यावर ती फायटर ठेवायला आलेल्या आकांक्षा नावाच्या मुलीला म्हणाली, तुमच्या प्रयोगशाळेत रेषा काढलेली काचेची नळी असते ना, ती एक दिवसासाठी मिळेल का?

आकांक्षानं ती आणून दिली. नमितानं अर्धी पाण्यानं भरली, एक गप्पी अलगद आत सोडला आणि डोळे रेषेशी नेऊन बघत राहिली. गप्पी वर आला, खाली गेला. पाणी कुठे हललं का, हे काही दिसेना. तिनं दुसरा गप्पी घ्यायला जाळी उचलली.