कौशल्याबाईच्या डोळ्यातली सुई

सानगडीच्या कौशल्याबाईच्या रागाला गाव वचकून असे. फक्त भासऱ्यापुढे, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावापुढे, तिला तो गिळावा लागे. गोमाजी समोर आला की रीतीप्रमाणे ती पदर ओढून बाजूला व्हायची. त्याच्याशी ती कधी बोललीच नव्हती.

एकोणऐंशी साली धान चुरताना तिच्या उजव्या डोळ्यात तूस गेलं. गोमाजीनं कसलासा पाला आणून ठेचला आणि बायकोकडून त्याचा रस तिच्या डोळ्यात पिळवला. चुरणी अर्धी पडली होती, म्हणून दवाखान्यात जाऊ देईना. शेवटी बुबुळावर पांढरा ठिपका उठला, उजेड सोसवेना; तेव्हा नवरा सुखराम तिला गुपचूप भंडाऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला.

डॉक्टर तिरसट होता. "बुबुळाच्या जखमेत पू झालाय. झोपा. डोळ्यात सुई द्यायची आहे."

कौशल्याबाई उठून बसली. "हात लावाल तर चावीन."

"चावा. डोळा गेल्यावर रडत येऊ नका."

"मंग आधी सांगा ना काय करून रायले ते. मी का ढोर आहो?"

डॉक्टरनं चिडूनच सांगितलं. सुई बुबुळात जात नाही, पांढऱ्या भागावरच्या पातळ पडद्याखाली जाते. आधी थेंब टाकून डोळा बधिर करतात. टोचलेलं फारसं कळत नाही, औषध आत जाताना मात्र ताण बसतो, आग होते. वर पाहा म्हटलं की वरच पाहायचं, मान हलवायची नाही. नंतर डोळा लालभडक दिसेल, त्याला भ्यायचं नाही. पण चोळायचा नाही, पाणी लावायचं नाही. दुखणं वाढलं किंवा अजून कमी दिसायला लागलं तर लगेच सांगायचं. आणि एका सुईनं भागणार नाही.

"हेच आधी सांगाले तोंड दुखत होतं का?" म्हणत ती आडवी झाली. आग झाली तेव्हा तिनं दात आवळून डॉक्टरला शिव्या दिल्या, पण मान हलवली नाही.

तिला दवाखान्यातच ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी पत्ता काढत गोमाजी तिथं आला. डोळा रक्तानं भरलेला पाहून भावावर खेकसला, "डोरा फोडला ना त्यानं. चाल, घे गाठोडं."

सुखरामनं गाठोडं उचललंही. कौशल्याबाईनं पदर मागे टाकला आणि सरळ भासऱ्याकडे पाहिलं. "डोरा तुमी नासवला, पाला पिळून. मी येत नाही. तुमी निघा."

"हे बाई आता माह्या घरात नको," गोमाजी भावाला म्हणाला आणि निघून गेला. सुखरामनं गाठोडं खाटेखाली ठेवलं.

आणखी सुया झाल्या. लाली ओसरली, जखम भरली, पांढरा डाग तेवढा राहिला. त्या डोळ्यानं दारात माणूस उभा आहे हे कळे, कोण ते कळत नसे. डॉक्टरचे आभार तिनं मानले नाहीत. घरी चूल वेगळी झाली, मध्ये कुडाची भिंत आली. गोमाजी मेला तेव्हा सुखराम एकटाच खांदा द्यायला गेला. ती उठली नाही.