नको म्हणण्याची पद्धत

मधुकर चांदोरकर गेल्या महिन्यात एका बुधवारी सकाळी बेंगळुरूत बेळ्ळंदूर येथील राहत्या घरी हृदयविकाराने वारले. त्यांचे वय एकाहत्तर होते. मुलगा पुण्याहून पोचल्यावर संध्याकाळी अंत्यसंस्कार झाले. दिवसकार्य नको, असे त्यांनी सांगून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी नातेवाईकांचे फोन सुरू झाले, तेव्हा मुलाने आईला विचारले, “आई, बाबांचं हे ‘नको’ पहिलं होतं की शेवटचं?” उषावहिनी म्हणाल्या, “जहाजानंतरचं आहे. म्हणजे खरं आहे.” खोलीत बसलेल्या शेजाऱ्यांना याचा अर्थ लागला नाही. मी त्या जहाजावर होतो.

चांदोरकर मूळचे निपाणीचे. बेंगळुरूच्या एका सरकारी विमान कारखान्यात त्यांनी इंजिनिअर म्हणून सगळी नोकरी केली. ओळखीचे सगळे त्यांना अण्णा म्हणत. वर्तमानपत्रातून निवृत्त होऊन मी सर्जापूर रोडला मुलीकडे राहायला आलो, तेव्हा इथल्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवातल्या जेवणात त्यांची ओळख झाली. पंगतीत ते माझ्या शेजारी होते. वाढणारी मुलगी जिलेबी घेऊन आली, अण्णांनी पानावर हात आडवा धरला, मुलगी पुढे गेली. ते तिच्याकडे बघत राहिले. पलीकडून वहिनी म्हणाल्या, “बसा आता बघत. आयटीतल्या मुली आहेत त्या, आग्रह नाही करत.” अण्णा म्हणाले, “येईल की परत.” ती आली नाही. त्यांच्या घरची रीत अशी होती की पहिला नकार सभ्यतेचा, दुसरा समोरच्याच्या कष्टांची जाणीव म्हणून, आणि तिसऱ्यांदा विचारले की ताट पुढे करायचे. ही रीत ते ऑफिसातही पाळत. एकदा परदेशातल्या प्रशिक्षणासाठी वरिष्ठांनी त्यांना विचारले. अण्णा म्हणाले, “दुसऱ्या कुणाला पाठवा, सर.” दुसरा कुणी गेला. हे सांगताना त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नसे. “साहेब घाईत होते,” एवढेच म्हणत.

निवृत्तीनंतर त्यांना जुन्या शिडांच्या जहाजांचा नाद लागला. फोनवर ते तासन्‌तास तीच चित्रणे पाहत. कुठले शीड कधी सोडतात, कधी आवळतात, हे फिरायला गेल्यावर मला समजावून सांगत. “एकदा डोलकाठीवर चढायचं,” ते म्हणत. “खाली समुद्र, वर कापड... मध्ये आपण.” दोन वर्षांपूर्वी ग्रीसच्या बेटांमधून जाणाऱ्या अशा एका जहाजाची माहिती त्यांनी शोधून काढली. तीन डोलकाठ्या, मोजकेच प्रवासी, आठवड्याची सफर. हवा चांगली असेल तर प्रवाशांना खलाशांबरोबर पहिल्या मचाणापर्यंत चढता येईल, असे माहितीपत्रकात लिहिले होते. तेवढे वाक्य त्यांनी आम्हाला वाचून दाखवले. डॉक्टरांकडून तपासून घेतले. मग लिफ्ट सोडून जिन्याने जाऊ-येऊ लागले. वॉचमन रोज विचारायचा, “अण्णा, लिफ्ट केट्टिदेया?” लिफ्ट बिघडली का, म्हणून. अण्णा धापा टाकत सांगायचे, “लिफ्ट सरी आहे. मी बिघडलोय स्वल्प.” वहिनींनी मलाही सोबत यायला लावले. “तुम्ही नसलात तर हे आठवडाभर माझ्याशीच शिडांबद्दल बोलतील.”

पहिल्याच सकाळी जहाजावरच्या सेकंड ऑफिसर बाईंनी आम्हाला पुढच्या डोलकाठीपाशी बोलावले. उंच, कमी बोलणाऱ्या. त्यांनी सुरक्षापट्टा कसा बांधायचा ते दाखवले आणि समोर उभ्या असलेल्या अण्णांना इंग्रजीत विचारले, “तुम्ही येणार?” अण्णा या क्षणासाठी बेळ्ळंदूरहून आले होते. पायात खास घेतलेले बूट होते. ते हसले, हात हलवला आणि म्हणाले, “नको, नको. आधी बाकीच्यांना जाऊ द्या.” बाईंनी मान डोलावली आणि पट्टा शेजारच्या जर्मन गृहस्थांना दिला. एकामागून एक पाचजण चढून आले. अण्णा शेवटपर्यंत तिथेच उभे होते. त्यांना पुन्हा कुणी विचारले नाही.

त्या दुपारी डेकवर नवरा-बायकोत झालेले बोलणे मी ऐकले.

“अहो, जाऊन सांगा ना, चढायचंय म्हणून.”

“त्यांनी विचारलं होतं. आता आपण मागणं बरं दिसत नाही.”

“तुम्ही नको म्हणालात!”

“तसं म्हणायची पद्धत आहे.”

“कुणाची? निपाणीची? त्या बाई निपाणीच्या आहेत का?”

“तू सांगू नकोस हं त्यांना. आणि पेपरवाले, तुम्हीही नाही.”

पुढचे पाच दिवस वारा जोराचा होता आणि डोलकाठी बंद होती. जेवणातही तोच प्रकार चालला होता. वाढणारा भात घेऊन आला की अण्णा पहिल्यांदा नको म्हणत, भांडे पुढे जाई आणि ते अर्धपोटी उठत. वहिनी केबिनमध्ये चिवड्याचा डबा उघडत. “खा. इथे मी आहे तिसऱ्यांदा विचारायला.” डबा संपला. त्या रात्री जेवताना कॅरॅमल पुडिंग आले आणि वाढणाऱ्याचे वाक्य पुरे होण्याआधी अण्णा म्हणाले, “हो. द्या.” वहिनींना इतके हसू आले की त्यांना टेबलावरून उठावे लागले.

वारा पडला तो सफरीच्या शेवटच्या दिवशी. दुसऱ्या सकाळी सगळे उतरणार होते. चढायला कुणी बोलावले नाही, ज्यांना चढायचे होते त्यांचे चढून झाले होते. दुपारी अण्णा खुर्चीतून उठले, डेक ओलांडून सुकाणूपाशी गेले. मी मागे होतो. ते बाईंना म्हणाले, “मला वर जायचं आहे.”

“तुम्ही नको म्हणाला होतात.”

“हो. पण मला जायचं आहे.”

बाईंनी वर शिडांकडे पाहिले, मग त्यांच्या बुटांकडे. पट्टा त्यांनी स्वतः बांधला. एक खलाशी पुढे आणि अण्णा मागे, असे दोघे दोरांच्या शिडीवरून निघाले. मध्ये अण्णा दोनदा थांबले. वहिनी खाली कठडा धरून उभ्या होत्या. मचाणावर पोचल्यावर अण्णांनी खाली पाहिले नाही. ते समोर बघत होते.

थोड्या वेळाने बाईंनी खालून हाक मारून विचारले, “उतरायचं?” वरून उत्तर आले, “नको.” वहिनी माझ्याकडे वळून म्हणाल्या, “पहिलं.” बंदर दिसू लागल्यावर बाईंनी पुन्हा विचारले. “नको.” शिडे आवळायला खलाशी वर चढू लागले, तेव्हा तिसऱ्यांदा विचारले. वहिनींनी हाताने बाईंना थांबा अशी खूण केली. वरून आवाज आला, “नको.”

खलाशी त्यांच्या दोन्ही बाजूंनी आडव्या काठ्यांवर गेले आणि शिडे गुंडाळून बांधू लागले. अण्णा डोलकाठीला पाठ लावून जागा देत उभे राहिले. जहाजाने नांगर टाकला तेव्हा ते वरच होते.